ऊब कुठं कुठं तुटली: इदलिबचा २०१९-२० चा हिवाळा

सीरिया म्हटलं की आपल्याकडं बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर वाळवंट येतं, ऊन, वाळू, उंट, त्यामुळं तिथं लेकरं थंडीनं गेली असं कुणी सांगितलं की आधी विश्वासच बसत नाही. पण वायव्य सीरियातला इदलिब प्रांत हा डोंगर-टेकड्यांचा, ऑलिव्हच्या बागांचा, लाल चिकणमातीचा भाग आहे. भूमध्य समुद्र फार लांब नाही आणि तिथला पाऊस पडतो तोच मुळी हिवाळ्यात. हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं ह्यावर अवलंबून आहे. आपल्याकडं पावसाळा वेगळा आणि थंडी वेगळी, थंडीत जमीन कोरडी असते, चार काटक्या गोळा करून शेकोटी पेटवली की रात्र निघते. इदलिबमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी पाऊस, वारा, चिखल आणि मधूनच बर्फ असं सगळं एकदम अंगावर येतं, आणि ओल्या कपड्यांतली शून्य अंशाची रात्र कोरड्या थंडीपेक्षा कितीतरी जीवघेणी असते.

१ डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० ची सुरुवात, म्हणजे साधारण तीन महिने, एवढ्या काळात ह्या भागातली ९ लाख ६० हजार माणसं घरदार सोडून निघाली. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, तर अख्खं सोलापूर भर थंडीत रस्त्यावर आलं असं समजा. दिवसाला सरासरी दहा हजार. ह्यातले ८० टक्क्यांच्या आसपास बायका आणि मुलं, आणि मुलंच एकूण निम्म्याहून जास्त. सीरियाचं युद्ध २०११ पासून चालू होतं पण इतक्या थोड्या दिवसांत इतके लोक त्याआधी कधीच हलले नव्हते. मदतकार्यात काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण बारकाईनं बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण ह्यात मदत आली नाही असं झालेलं नाही. मदत आली, भरपूर आली, आणि तरी पोरं गारठून गेली. असं का झालं ते समजून घ्यायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी

इदलिब आणि आसपासचा हा पट्टा राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांच्या सरकारच्या विरोधकांच्या ताब्यातला शेवटचा मोठा भाग होता. तिथं साधारण ३० लाख लोक राहत होते आणि त्यातले जवळपास निम्मे आधीच दुसरीकडून उठून आलेले. पूर्व अलेप्पो, होम्स, पूर्व घूता, दरा, एकेक भाग सरकारी सैन्यानं वेढून घेतला की तिथल्या लोकांना हिरव्या बसमध्ये बसवून इदलिबला पाठवलं जायचं. म्हणजे २०१९ च्या डिसेंबरात पळालेल्यांत कित्येक जण तिसऱ्यांदा, पाचव्यांदा पळत होते, त्यांच्याकडं विकायला दागिना उरलेला नव्हता, उसने मागायला नातेवाईक उरलेला नव्हता. मदतीचं गणित मांडताना हा मुद्दा नेहमी मागं पडतो. पहिल्यांदा घर सोडणारा माणूस आणि पाचव्यांदा सोडणारा माणूस यादीत एकसारखाच दिसतो, प्रत्यक्षात दुसऱ्याकडं थंडी काढायला स्वतःचं असं काहीच नसतं.

१७ सप्टेंबर २०१८ ला रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात रशियातल्या सोचीला करार झाला, हल्ले थांबतील असं ठरलं, काही महिने बऱ्यापैकी शांततेत गेलेही. एप्रिल २०१९ च्या अखेरीला पुन्हा सुरू झालं, ऑगस्टपर्यंत ४ लाख लोक हलले, इदलिबच्या दक्षिणेचं खान शेखून गाव सरकारकडं गेलं, मग शस्त्रसंधी. आणि डिसेंबरात परत. ह्यावेळी सीरियन सैन्य आणि रशियन विमानं यांचा रोख दमास्कस ते अलेप्पो जाणाऱ्या एम-५ महामार्गावर होता, आणि त्या महामार्गावर मआरत अल-नुमान, सराकिब अशी भरलेली गावं बसलेली. मआरत अल-नुमान सैन्याच्या हातात पडलं २८ जानेवारी २०२० च्या सुमारास, पण गाव रिकामं झालं त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबरातच. फेब्रुवारीच्या मध्याला पूर्ण एम-५ सरकारच्या ताब्यात गेला.

लोक पळाले उत्तरेला कारण दुसरीकडं वाटच नव्हती. आणि उत्तरेला तुर्कस्तानची सीमा, त्यावर शेकडो किलोमीटरची काँक्रीटची भिंत. तुर्कस्ताननं त्याआधी ३६ लाख सीरियन लोकांना घेतलेलं होतं आणि आता दार बंद केलं होतं. त्यामुळं दाना, सरमदा, आत्मे, देर हस्सान, पलीकडं अफरीन आणि अझाझ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात हे सगळे दहा लाख येऊन अडकले, जिथल्या छावण्या त्यांच्या यायच्या आधीच ओसंडून वाहत होत्या.

ऊब म्हणजे काय काय लागतं

थंडीतली मदत म्हटलं की पहिला शब्द ब्लँकेट येतो. फोटोही ब्लँकेटचाच येतो, देणगीदारालाही ते पटकन कळतं. पण रात्री माणूस उबदार राहायचा तर एका पाठोपाठ एक बऱ्याच गोष्टी जागेवर असाव्या लागतात: खाली कोरडी जमीन, बाजूनं वारा अडवणारं काहीतरी, अंगावर पांघरूण, मध्ये पेटती शेगडी, तिच्यात घालायला इंधन, आणि धूर बाहेर जायला वाट. ह्यातली एक तुटली की बाकीच्या असून नसल्यासारख्या. इदलिबमध्ये ह्यातली प्रत्येक गोष्ट तुटली आणि प्रत्येकीचं तुटायचं कारण वेगळं होतं.

जमिनीपासून सुरू करू. चांगली, उंचावरची, खडी टाकलेली जागा आधीच्या वर्षांत आलेल्यांनी घेतलेली, त्यामुळं नव्या लोकांना मिळाली ती ऑलिव्हच्या बागेतली, उताराची किंवा सखल शेताची. कित्येक ठिकाणी तंबू ठोकायच्या जागेचं भाडं द्यावं लागायचं. लाल चिकणमातीत पाणी मुरत नाही, साचतं. तंबूत खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर चटई, त्यावर स्पंजची गादी अशी रचना असते, पाऊस झाला की पाणी कडेनं आत येतं आणि खालूनही येतं, आणि स्पंजची गादी एकदा भिजली की हिवाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही. मग त्या ओल्या गादीवर झोपायचं किंवा रात्रभर बसून काढायची, आणि दोन्हीत अंगावरचं कोरडं ब्लँकेटही ओलं होतं. म्हणजे तुम्ही कितीही ब्लँकेटं वाटा, जमीन ओली असेल तर ती सकाळपर्यंत वाया. एक ट्रक खडी आणि थोडी नालाखोदाई ह्यानं जेवढी ऊब टिकते तेवढी ब्लँकेटच्या ट्रकनं टिकत नाही, पण खडीचा फोटो कोण लावणार. खडी टाकायला जागा आधी ताब्यात लागते, मशीन लागतं, आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि इथं तर रोज दहा हजार माणसं येत होती.

मग तंबू. निर्वासितांसाठी जो नेहमीचा कौटुंबिक तंबू वापरतात त्याची मुख्य जागा १६ चौरस मीटर असते, पुढची-मागची पडवी धरून २३. पाच माणसांसाठी हिशोब केलेला. मदतकार्यात सगळीकडं मानल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा सांगितलीय, आणि थंड हवेच्या ठिकाणी साडेचार ते साडेपाच, कारण थंडीत स्वयंपाक, आंघोळ, धुणं सगळं आतच करावं लागतं. ह्या मापानं बघितलं तर १६ चौरस मीटरमध्ये धड चार माणसंसुद्धा बसत नाहीत. इदलिबमध्ये एकेका तंबूत दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं होती. आणि ती भाग्यवानच म्हणायची, कारण फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांचाच अंदाज होता की साधारण १ लाख ७० हजार लोक उघड्यावर किंवा अर्धवट बांधलेल्या इमारतींत आहेत, जिथं भिंती आहेत तर खिडक्या नाहीत, वर स्लॅब आहे तर दारं नाहीत. शाळा उघडल्या, मशिदी उघडल्या, इदलिब शहरातल्या स्टेडियमच्या खालच्या जागेतही कुटुंबं राहिली. काही जणांनी तर गाव सोडताना स्वतःच्या घराची दारं-खिडक्या उचकटून गाडीत टाकून आणली होती. बाहेरून बघणाऱ्याला त्याचं नवल वाटतं, पण त्या माणसाला बरोबर माहीत होतं की जिथं जाईन तिथं मला वारा अडवायला हेच लागणार आहे.

ब्लँकेटबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सगळी ब्लँकेटं सारखी नसतात. मदतीच्या ब्लँकेटची ऊब टॉग नावाच्या मापात मोजतात, मध्यम थंडीचं ब्लँकेट किमान अडीच टॉगचं आणि कडक थंडीचं किमान चार टॉगचं असावं लागतं. दिसायला दोन्ही करड्याच घड्या. जगभर वाटली जाणारी स्वस्त शोडी ब्लँकेटं, म्हणजे जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा सूत काढून विणलेली, ही वर्षानुवर्षं आपल्या पानिपतात बनत आलीत, मराठी माणसाला पानिपत वेगळ्याच कारणानं ठाऊक असतं पण मदतकार्यातल्या माणसाला ते ब्लँकेटसाठी ठाऊक असतं. असो. सांगायचं हे की खरेदी करताना अडीचचं घेतलं की त्याच पैशात जास्त नग येतात, अहवालात आकडा मोठा दिसतो, आणि उणे तापमानात अडीचची तीन घेतली तरी खालून गारठा लागायचा तो लागतोच. वाटप मोजताना नग मोजले जातात, टॉग कुणी मोजत नाही.

शेगडी आणि तिच्यात घालायचं काय

ह्या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित धागा हाच. सीरियन घरात हिवाळ्यात मधोमध सोबा असतो, पत्र्याची उभी शेगडी. तिला बाजूला किंवा मागं छोटी टाकी, टाकीतून डिझेल थेंब-थेंब खालच्या भांड्यात पडतं, तिथं जळतं, आणि वरून पत्र्याचं नळकांडं छतातून बाहेर. डिझेलला तिकडं माझूत म्हणतात. वर चहाची किटली, बाजूला वाळत घातलेले मोजे, आणि सगळं घर तिच्याभोवती. सोबा चालायचा तर माझूत लागतं आणि इदलिबमध्ये तेलाच्या विहिरी नाहीत, तेल यायचं ईशान्य सीरियातनं, कुर्दांच्या ताब्यातल्या भागातनं. ऑक्टोबर २०१९ मध्ये तुर्कस्ताननं त्या ईशान्य भागात सैन्य घातलं आणि इदलिबकडं येणारं तेल आटलं, भाव भडकले. त्याच सुमाराला लेबनॉनच्या बँका कोलमडल्यामुळं सीरियन पौंडही घसरत होता. म्हणजे विस्थापनाची मोठी लाट यायच्या दीड-दोन महिने आधीच शेगडी महाग झालेली होती, आणि ही गोष्ट कुणापासून लपलेली नव्हती.

ज्यांना परवडत होतं त्यांनी त्या वर्षी पिस्त्याच्या टरफलांवर चालणाऱ्या शेगड्या घेतल्या. वरच्या डब्यात टरफलं भरायची, छोट्या मोटरनं ती थोडी-थोडी खाली सरकतात आणि जळतात, पंख्यासाठी आणि मोटरसाठी बॅटरी किंवा सोलर लागतो. चांगली कल्पना, धूर कमी, ऊब भरपूर. काही जण ऑलिव्हचं तेल गाळून उरलेल्या पेंडीचे गठ्ठे जाळायचे. पण ह्या दोन्ही गोष्टी घरवाल्यांच्या, तंबूतल्या माणसाकडं ना ती शेगडी घ्यायला पैसा ना चालवायला वीज. तंबूत काय जळलं तर ऑलिव्हच्या ओल्या फांद्या, जुने बूट, फाटके कपडे, प्लास्टिकच्या पिशव्या, चिखलात सापडेल ते. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे मदतकार्य प्रमुख मार्क लोकॉक यांनी १७ फेब्रुवारीच्या निवेदनात हेच सांगितलं होतं, की आया पोरांना ऊब मिळावी म्हणून प्लास्टिक जाळतायत आणि तान्ही लेकरं थंडीनं जातायत.

प्लास्टिकचा धूर छातीत जातो हे झालंच, पण बंद तंबूत काहीही जाळलं की दोन धोके असतात. एक म्हणजे आग, ताडपत्रीचा तंबू एक-दोन मिनिटांत जातो, आत झोपलेल्याला उठायलाही वेळ मिळत नाही. दुसरा कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नसतो, रंग नसतो. त्या फेब्रुवारीत एका छावणीतलं एक कुटुंब, आई-बाप आणि लेकरं, तंबूत शेगडी पेटवून झोपलं आणि सकाळी कुणीच उठलं नाही. त्यांनी वारा येऊ नये म्हणून तंबूच्या फटी बंद केल्या असणार, कुठल्याही आई-बापानं तेच केलं असतं. शेगडी वाटताना तिच्याबरोबर नळकांडं, तंबूला भोक पाडायची पत्र्याची चौकट, आणि दहा मिनिटं बसून समजावून सांगणारा माणूस हे तिन्ही नसतील तर ती शेगडी वाटूच नये, असं माझं ठाम मत आहे.

तान्ह्या मुलांचं थोडं वेगळं सांगतो. बाळाच्या वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळं त्याची ऊब मोठ्या माणसापेक्षा भराभर निघून जाते, आणि नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की ते रडायचं थांबतं, दूध ओढायचं थांबतं, आणि आईला वाटतं बाळ शांत झोपलंय. फेब्रुवारीच्या मध्याला तापमान उणे सातच्या आसपास गेलं होतं, बर्फ पडला होता. अशा वेळी इंधन नसताना करता येण्यासारखी एक गोष्ट असते, बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि वरून दोघांना गुंडाळायचं, आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही कमी वजनाच्या बाळांसाठी कांगारू पद्धत म्हणून हेच शिकवतात. पण हे सांगायला सुईण किंवा नर्स त्या बागेपर्यंत पोचली पाहिजे, आणि त्याच महिन्यांत दवाखान्यांवर बाँब पडत होते, कित्येक दवाखाने बंद झाले किंवा उचलून दुसरीकडं न्यावे लागले. मदत संस्थांचे कितीतरी स्थानिक कार्यकर्ते तर स्वतःच घर सोडून पळत होते, दिवसा यादी करायची आणि रात्री आपल्या पोरांना कुठं झोपवायचं ते शोधायचं.

दोन नाके

आता सीमेकडं. इदलिबला संयुक्त राष्ट्रांची मदत जायची ती दमास्कसच्या, म्हणजे सीरियन सरकारच्या, परवानगीशिवाय, थेट तुर्कस्तानातून. सुरक्षा परिषदेच्या २०१४ च्या २१६५ क्रमांकाच्या ठरावानं त्यासाठी चार नाके ठरवून दिले होते, दोन तुर्कस्तानच्या बाजूनं, एक इराक, एक जॉर्डन. माल तुर्की ट्रकमधून सीमेवर यायचा, तिथं उतरवून संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तपासायचे, दमास्कसला कळवलं जायचं, मग सीरियन ट्रकमध्ये चढवून आत. प्रत्येक गाठोडं दोनदा हाताळलं जायचं. कटकटीचं होतं पण चालत होतं.

ही परवानगी वेळोवेळी वाढवून घ्यावी लागायची आणि नेमकी २०२० च्या १० जानेवारीला संपत होती. २० डिसेंबर २०१९ ला, मआरत अल-नुमानमधून लोकांचे लोंढे निघालेले असताना, जर्मनी, बेल्जियम आणि कुवेतनं आणलेल्या मुदतवाढीच्या ठरावावर रशिया आणि चीननं नकाराधिकार वापरला. मग १० जानेवारीला, मुदत संपायला काही तास उरलेले असताना, २५०४ क्रमांकाचा ठराव पास झाला. ११ मतं बाजूनं, रशिया, चीन, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ. चारातले दोनच नाके उरले, बाब अल-हवा आणि बाब अल-सलाम, आणि वर्षभराऐवजी सहाच महिने.

सहा महिने म्हणजे काय ते मालखरेदी केलेल्या माणसाला विचारा. तंबूची ऑर्डर द्यायची, ते शिवून व्हायचे, जहाजानं बंदरात यायचे, कस्टम, गोदाम, मग सीमा. परवानगीच सहा महिन्यांची असेल तर उन्हाळ्यात पुढच्या थंडीचा माल मागवायचा कुणी आणि कुठल्या भरवशावर? हिवाळ्याची तयारी सप्टेंबरात झाली तर झाली, डिसेंबरात मागवलेलं ब्लँकेट फेब्रुवारीत येतं. २०१९ च्या शरदात जी तयारी झाली होती ती तिथं आधीपासून असलेल्या विस्थापितांसाठी, ह्या नव्या दहा लाखांसाठी नाही. गोदामातला माल पहिल्या काही आठवड्यांत संपत गेला, आणि काही गोदामं तर स्वतःच आघाडीच्या वाटेत होती.

तरीसुद्धा ट्रक थांबले नाहीत हे सांगितलं पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे १,२२७ ट्रक ह्या दोन नाक्यांतून आत गेले, २०१४ पासूनच्या कुठल्याही महिन्यापेक्षा जास्त. फेब्रुवारीत ५० कोटी डॉलरची मागणी जगापुढं ठेवली गेली. ड्रायव्हर, हमाल, यादी करणारी पोरं, सीरियन स्वयंसेवक, ह्या लोकांनी जे केलं त्याला तोड नाही, चिखलात रुतलेला ट्रक ढकलत, वर विमानं फिरत असताना. माझी तक्रार त्यांच्याबद्दल अजिबात नाही. तक्रार आहे ती मागणी कशाची झाली आणि कोणत्या क्रमानं झाली ह्याबद्दल.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे रोख पैसे. एवढ्या गोंधळातही सरमदा, दाना इथले बाजार चालू होते, माझूत महाग होतं पण मिळत होतं, ताडपत्री, गाद्या, शेगड्या मिळत होत्या. काही संस्थांनी रोख पैसे किंवा कुपनं दिलीही. जिथं बाजार चालतो तिथं कुटुंबाच्या हातात पैसे दिले की ते त्याच संध्याकाळी त्यांना जे कमी आहे ते घेतात, कुणाला शेगडी हवी असते, कुणाला नुसतं इंधन, कुणाला दुसऱ्या गावातल्या खोलीचं भाडं. ट्रकला एक महिना लागतो तिथं पैसे दोन दिवसांत पोचतात. इंधन तर सीमेपलीकडून ट्रकनं आणून वाटणं अवघडच, ते रोखीनंच सुटण्यासारखं. पण तो भाग हयात तहरीर अल-शाम ह्या तेव्हा दहशतवादी यादीत असलेल्या संघटनेच्या ताब्यात होता, त्यामुळं देणगीदार सरकारं रोखीच्या बाबतीत फार घाबरायची, पैसे त्यांच्या हातात गेले तर काय. ती भीती खोटी नव्हती. पण ब्लँकेटचा ट्रकही त्यांच्याच रस्त्यावरून जात होता, आणि छोट्या रकमा थेट बाईच्या हातात देऊन नंतर फोन करून खात्री करायच्या पद्धती तेव्हाही माहीत होत्या.

दुसरं, जागा. रिकाम्या आणि अर्धवट इमारतींची यादी ऑक्टोबरपर्यंत तयार असती तर फळ्या आणि प्लास्टिकनं खिडक्या बंद करून हजारो कुटुंबं चार भिंतींच्या आत गेली असती, तंबूपेक्षा स्वस्तात. खिडक्या बंद करायचं सामान, एक दार, एक नळकांडं, हे एका मिनी-ट्रकमध्ये कितीतरी कुटुंबांचं बसतं. उन्हाळ्यात ४ लाख लोक हलले होते, शस्त्रसंधी डळमळीत आहे हे सगळ्यांना दिसत होतं, एम-५ वर पुढची लढाई होणार हे नकाशा बघणाऱ्या कुणालाही कळत होतं. तारीख माहीत नव्हती, बाकी सगळं माहीत होतं.

तिसरं, वाटपाचा क्रम. एक संस्था अन्न देते, दुसरी तंबू, तिसरी ब्लँकेट, आणि प्रत्येकीची यादी वेगळी, प्रत्येकीचा दिवस वेगळा. त्यामुळं एखाद्या कुटुंबाकडं तांदूळ-डाळीची पेटी असते पण चूल नसते, दुसऱ्याकडं पाच ब्लँकेटं असतात आणि खाली चिखल. मी वर जी साखळी सांगितली ती एका कुटुंबापुरती पूर्ण झाली का हे बघणारा एकच माणूस असायला हवा, दहा संस्थांचे दहा नाही. थोड्या कुटुंबांना पूर्ण ऊब की सगळ्यांना थोडं-थोडं, हा प्रश्न छातीवर दगड ठेवून सोडवावा लागतो, आणि उणे सात तापमानात माझं उत्तर स्पष्ट आहे: तान्ही बाळं, बाळंतिणी आणि म्हातारी माणसं जिथं असतील तिथं आधी सगळं पूर्ण द्या. सगळ्यांना एकेक ब्लँकेट वाटलं की यादी न्याय्य दिसते, रात्र कुणाचीच निघत नाही.

नंतर काय झालं

५ मार्च २०२० ला मॉस्कोत तुर्कस्तानचे एर्दोआन आणि रशियाचे पुतिन यांच्यात शस्त्रसंधी ठरली आणि हल्ले बऱ्याच अंशी थांबले. दोन लाखांच्या वर लोक पुढच्या काही महिन्यांत परतले, बाकीच्यांची गावं सरकारी हद्दीत गेलेली, ते तिथंच राहिले. लगेच कोविड आला आणि जगाचं लक्ष उडालं. जुलै २०२० मध्ये आणखी एक नाका गेला, उरला फक्त बाब अल-हवा. जुलै २०२१ मध्ये त्याची मुदतवाढ सुरक्षा परिषदेत एकमतानं झाली, तेव्हा भारतही परिषदेत होता आणि भारताचंही मत बाजूनं होतं. दरम्यान जानेवारी २०२१ मध्ये पाऊस-पुरानं हजारो तंबू परत वाहून गेले किंवा मोडले, जानेवारी २०२२ मध्ये अफरीनच्या बाजूला बर्फाच्या ओझ्यानं तंबू कोसळले. त्याच तंबूंत, त्याच चिकणमातीवर.

एक चांगली गोष्ट हळूहळू झाली, विटा-ब्लॉकच्या खोल्या. तुर्की संस्थांनी आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या भागीदार संस्थांनी तंबूच्या जागी एक-दोन खोल्यांची पक्की घरं बांधायला घेतली. दर दोन-तीन हिवाळ्यांनी नवा तंबू देण्यापेक्षा ते शेवटी स्वस्तच पडतं. बरीच वर्षं देणगीदार ह्याला तयार नव्हते, कारण पक्कं घर म्हणजे विस्थापन कायमचं मान्य केलं असं दिसेल अशी त्यांना भीती होती, आणि त्या भीतीची किंमत तंबूतल्या पोरांनी मोजली. ६ फेब्रुवारी २०२३ चा भूकंप झाला तेव्हाही थंडीच होती, संयुक्त राष्ट्रांचा पहिला ताफा बाब अल-हवातून आत जायला ९ फेब्रुवारी उजाडली, आणि आणखी दोन नाके उघडायला दमास्कसनं होकार दिला १३ तारखेला. नाका एकच ठेवला तर काय होतं हे तेव्हा सगळ्यांनी बघितलं.

८ डिसेंबर २०२४ ला असद यांचं सरकार पडलं आणि मआरत अल-नुमान, खान शेखूनचे लोक पाच वर्षांनी आपल्या गावात जाऊन आले. गेले, बघितलं, आणि कित्येक जण परत छावणीत आले, कारण घरांच्या स्लॅबमधल्या सळयासुद्धा काढून विकलेल्या होत्या, दारं नाहीत, वायरी नाहीत, शेतात सुरुंग. तो हिवाळाही बऱ्याच जणांनी तंबूतच काढला. आता तिथली मागणी ब्लँकेटची कमी आणि छपराची, सुरुंग काढणाऱ्यांची, पाण्याच्या लाईनची जास्त आहे. ह्या कामांचा पैसा उन्हाळ्यातच हातात पडला तर ऑक्टोबरचा पाऊस सुरू व्हायच्या आत स्लॅब टाकून होतो, नाहीतर कुटुंब आणखी एक हिवाळा तंबूत.